उमेदवाराची वही

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

स्वारगेटच्या एस्. टी. स्थानकावर पहाटे सहाच्या सुमारास जो कोणी जाऊन उभा राहील, त्याला तेथें एक ठराविक दृश्य रोज पाहावयास मिळेल. साताऱ्याहून, भोरहून, सांगली-कोल्हापुराकडून निघालेल्या गाड्या एकामागून एक येऊन थांबतात. आणि उतरणाऱ्या उतारूंत कांहीं तरुण मुलें अशीं दिसतात कीं, त्यांच्याजवळ सामान बेताचेंच, पण एक फाईल मात्र त्यांनीं छातीशीं घट्ट धरलेली असते. नळावर तोंड धुवावें, केस नीट करावे, कपभर चहा घ्यावा, आणि फाईल उघडून आंतले कागद जागच्या जागीं आहेत ना, हें पुनः एकदां पाहून घ्यावें, असा त्यांचा क्रम. हीं मुलें नोकरीच्या नाहीं तर उमेदवारीच्या मुलाखतीसाठीं शहरांत आलेलीं असतात. निवृत्त झाल्यापासून पहाटे फिरावयास जाण्याची मला संवय आहे. त्यामुळें हें दृश्य मीं इतक्या वेळां पाहिलें आहे कीं, फाईल कशी धरली आहे यावरून ही पहिली खेप कीं दहावी, हेंही मला बहुधा ओळखतां येतें.

या ठिकाणीं पूर्वीं स्वारांचें नाकें होतें, त्यावरून स्वारगेट हें नांव पडलें, अशी उपपत्ति सांगतात. नाक्यावर येणाराला दोन प्रश्न विचारावयाचे असतात: तूं कोण, आणि तुजपाशीं काय आहे? आजही येथें उतरणाऱ्या तरुणाला शहर हेच दोन प्रश्न विचारतें. पहिल्याचें उत्तर त्याच्या फाईलींत असतें. दुसऱ्याचें बहुधा नसतें. तें कां नसतें, आणि आपल्याकडे पूर्वीं लोकांनीं तें कसें दिलें, याविषयीं चार शब्द सांगण्याचा आज माझा विचार आहे.

गेल्या वर्षीं असाच एक तरुण माझ्या घरीं आला. तो भोर तालुक्यांतला. त्याचे वडील एके काळीं माझ्या वर्गांत होते. यंत्रविद्येची पदविका त्यानें पुरी केली होती, आणि एका कारखान्यांत सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठीं, ज्याला हल्लीं इंटर्नशिप म्हणतात तिच्यासाठीं, त्याला अर्ज करावयाचा होता. त्याला माझ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता. मीं त्याची फाईल पाहिली. दहावीचें प्रमाणपत्र, पदविकेचीं गुणपत्रकें, संगणकाचें प्रमाणपत्र, टंकलेखनाचें, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचें, रक्तदानाचें, असे एकंदर अकरा कागद होते. अर्जांत ‘अनुभव’ या सदराखालीं मात्र जागा कोरी होती. मीं कारण विचारतां तो म्हणाला, “गुरुजी, अनुभव नाहीं म्हणून काम मिळत नाहीं, आणि काम मिळत नाहीं म्हणून अनुभव नाहीं. मग लिहूं तरी काय?” शिवाय या कारखान्यानें प्रमाणपत्रांच्या जोडीला ‘पोर्टफोलिओ’ मागितला होता, आणि ती वस्तु म्हणजे चित्रकारांनीं बाळगावयाची एक मोठी चामड्याची पिशवी, एवढीच त्याची समजूत होती.

त्याची समजूत अगदींच चूक नव्हती. सुटे कागद वाहून नेण्याची पिशवी हाच त्या शब्दाचा मूळ अर्थ. परंतु आज त्याचा अर्थ असा कीं, मनुष्यानें स्वतः केलेल्या निवडक कामांचे नमुने, तें काम कसें केलें त्याच्या हकीकतीसह, दुसऱ्याला पाहतां येतील असे एकत्र लावून ठेवणें. प्रमाणपत्र सांगतें कीं, हा मनुष्य अमुक परीक्षा उतरला. नमुन्यांची वही दाखवते कीं, याच्या हातून अमुक काम उतरलें. शब्द परका असला, तरी ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाहीं.

आपला शब्द पाहा. ‘उमेद’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ आशा. आशा बाळगून बसलेला तो उमेदवार. आज निवडणुकीस उभा राहणारासही आपण उमेदवारच म्हणतों. पण पूर्वीं कचेरींत कारकुनाच्या शेजारीं बसून, बिनपगारी नकला करीत, जागा कधीं रिकामी होते याची वाट पाहणारा जो तरुण, तो खरा उमेदवार. त्याच्याजवळ दाखवावयास काय असे? त्याचें अक्षर. मोडी कागदांच्या त्या काळांत अक्षर म्हणजे केवळ शोभा नव्हती. ज्याचें वळण घोटलेलें, ओळ सरळ, हिशेबाचा आंकडा स्वच्छ, त्याचें मनही नेटकें, असा त्या काळचा विश्वास होता. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर कसें घोटावें, समास कसे सोडावे, शाई व लेखण्या कशा सिद्ध कराव्या, आणि ग्रंथाच्या आरंभापासून अखेरीपर्यंत अक्षर कसें बदलूं देऊं नये, याचें त्यांत विवेचन आहे. चिटणीस घराण्याचे मूळ पुरुष बाळाजी आवजी यांचें अक्षर शिवाजी महाराजांच्या नजरेस आलें, आणि त्यावरून त्यांना राजापुराहून आणून चिटणिशी दिली, अशी परंपरागत कथा आहे. कथेचें मर्म असें कीं, जें काम द्यावयाचें, त्याचाच नमुना आधीं डोळ्यांखालून घातला गेला. लिहिण्याचें काम, तर लिहिलेला कागद!

पुढें इंग्रजी राज्य आलें आणि या पद्धतीच्या जागीं दुसरी पद्धत आली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८५९ सालीं त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, घेण्यांत आली. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. परीक्षेचें मोठें पुण्य असें कीं, घराणें, गांव आणि ओळख न पाहतां ती सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देते. ज्याचा बाप कोणत्याही कचेरींत नव्हता, त्याला परीक्षेनें कचेरीचा दरवाजा दाखविला. हा उपकार थोडा नव्हे, आणि मी स्वतः त्याचा ऋणी आहें. पण परीक्षेबरोबर एक समजूतही रुजली. ती ही कीं, मनुष्यापाशीं जें कांहीं आहे, तें सर्व शिक्क्याच्या कागदावर आलेलेंच असतें, आणि जें शिक्क्याच्या कागदावर नाहीं, तें मुळीं नाहींच.

या समजुतीचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. १९७४ सालीं मी अकरावीची परीक्षा उतरलों. तिचें नांव एस्. एस्. सी. असलें, तरी आमच्याकडे जुन्या संवयीनें तिला मॅट्रिकच म्हणत. एका कचेरींत कारकुनाची जागा होती. मी अर्ज घेऊन गेलों. तीन तास बांकावर बसल्यावर माझा कागद एकानें हातांत घेतला, त्याच्यावरचा शिक्का पाहिला, आणि ढिगावर ठेवून दिला. तसले कागद त्या ढिगांत शेंकड्यांनीं होते. सर्वांचे कागद सारखे असले म्हणजे निवड कशावरून व्हावयाची? चिठ्ठीवरून. ती जागा चिठ्ठी आणणाराला मिळाली. त्या दिवशीं मला राग आला तो वशिल्याचा. पुष्कळ वर्षांनीं मला कळलें कीं, जेथें कागदांत फरक उरत नाहीं, तेथें वशिल्याला जागा आपोआप होते.

त्यानंतर मीं अध्यापनाची पदविका घेतली आणि एका शाळेंत मुलाखतीस गेलों. तेथले मुख्याध्यापक वृद्ध होते. त्यांनीं माझीं गुणपत्रकें बाजूस सारलीं आणि म्हणाले, “तुमची पाठटाचणाची वही आणली आहे काय?” सुदैवानें ती माझ्या पिशवींत होती. पाठ घेण्यापूर्वीं शिक्षकानें काय शिकवावयाचें, कोणतें उदाहरण घ्यावयाचें, कोणते प्रश्न विचारावयाचे, तें जींत टिपून ठेवावयाचें, ती ही वही. त्यांनीं ती सावकाश चाळली. एके ठिकाणीं समासांत मीं पेन्सिलीनें लिहून ठेवलें होतें: ‘येथें मुलें गोंधळलीं. आंब्यांऐवजीं पैशांचें उदाहरण घ्यावें.’ तेवढें त्यांनीं दोनदां वाचलें, आणि मला दुसऱ्या दिवसापासून कामावर येण्यास सांगितलें. माझी नोकरी माझ्या गुणांवर लागली नाहीं. समासांतल्या त्या एका ओळीवर लागली.

असें असूनही, मी शिक्षक झाल्यावर काय केलें? चाळीस वर्षांच्या आंतबाहेर शेंकडों मुलांना एकाच मजकुराचे दाखले लिहून दिले: ‘वर्तणूक चांगली. अभ्यासू व होतकरू.’ ज्या मुलीनें शाळेच्या विहिरीच्या पाण्याची पातळी वर्षभर रोज मोजून भिंतीवर लिहिली होती, तिलाही तेंच. आणि जो वर्षभर मागल्या बांकावर झोंपा काढीत होता, त्यालाही तेंच. ही चूक माझी आहे, आणि ती बोलून दाखवावी म्हणूनही मी आज येथें आलों आहें.

आतां आपण क्षणभर स्वारगेटहून निघूं. २०२४ च्या सप्टेंबरांत येथून भुयारी मेट्रो सुरू झाली. तिनें उत्तरेकडे जातांना मंडई लागते, मग कसबा पेठ, आणि पुढें नदीपलीकडे शिवाजीनगर. या एवढ्याशा प्रवासांत माझ्या विषयाचे दोन मोठे दाखले जमिनीवर उभे आहेत.

पहिला कसबा पेठेंतला. तेथें तांबट आळी आहे, आणि जवळच शनिवारवाडा. सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून १७९७ पर्यंत पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. त्याच्या पदरीं गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट या नांवाचा एक पुणेकर कारागीर काम करूं लागला. आडनांवांतच त्याचा वडिलोपार्जित धंदा आला. त्याच्यापाशीं ना सनद, ना कोणत्या विद्यालयाचा शिक्का. सवाई माधवराव पेशव्यांच्या शिकारखान्यांत एक गेंडा होता. त्याचें चित्र गंगारामानें १७९० सालीं काढलें. हा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशीं, म्हणजे आजच्या स्वारगेटच्या अगदीं जवळ होता. जें समोर आहे, तें आधीं निरखावें आणि मग रेघ ओढावी, ही शिस्त त्या चित्रांत दिसते. पुढील वर्षांत मॅलेटनें याच माणसाला वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें व आराखडे काढण्यास लावलें. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ सालीं पुण्यास आला. शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली, आणि गंगाराम वेल्सबरोबर काम करूं लागला. मॅलेटनें नीट जपलेलीं त्याचीं चित्रें आज अमेरिकेंत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रांत आहेत.

यांत लक्षांत घेण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली ही कीं, गेंड्याचें चित्र हें गंगारामाचें प्रमाणपत्रच होतें. त्याच्याकडे लेणीं सोंपविणाराला त्याच्या हाताची पारख आधींच झालेली होती. दुसरी ही कीं, त्याचें नांव त्याच्या चित्रांबरोबर राहिलें. याच पेठांत त्याच्या काळीं शेंकडों कसबी हात राबत होते. वाड्यांचे खांब कोणीं कोरले, देवळांच्या भिंती कोणीं रंगविल्या, हें आज आपणांस सांगतां येत नाहीं. कारण काम मागें राहिलें, पण त्यापाशीं करणाराचें नांव राहिलें नाहीं. आपलें काम आपल्या नांवानिशीं जपून ठेवणें यांत गर्व नाहीं. ती केवळ नोंद आहे.

दुसरा दाखला शिवाजीनगरच्या बाजूचा. तेथें श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तो १९२८ सालीं उभा राहिला. एवढा प्रचंड पुतळा एकसंध ओतण्याचें तें धाडस मोठें होतें. त्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर. त्यांचा जन्म १८९१ सालीं अलिबागजवळच्या सासवणें या समुद्रकांठच्या खेड्यांत झाला. लहानपणीं त्यांनीं गांवच्या देवळाच्या भिंतीवर एक चित्र काढलें. विषय, घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज. ऑटो रॉथफेल्ड नांवाचे इंग्रज कलेक्टर त्या बाजूस आले असतां, त्यांच्या दृष्टीस तें पडलें. हें कोणीं काढलें अशी त्यांनीं चौकशी केली, आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत त्या मुलाला प्रवेश मिळवून दिला. भिंतीवरचा घोडा आणि पुण्यांतला घोडा यांच्यामध्यें वर्षांचें अंतर आहे, कलकत्ता आहे, लंडन आहे. पण वाट एकच आहे.

ही गोष्ट आपण मुलांना नेहमीं कौतुकानें सांगतों. मला मात्र ती सांगतांना थोडी भीति वाटते. समजा, त्या आठवड्यांत पाऊस असता आणि साहेबांची फेरी रद्द झाली असती तर? देवळाची भिंत कांहीं मुंबईस चालत जाणार नव्हती. त्या दिवशीं भिंत आणि पाहणारा यांची गांठ पडली, हा योग. असा योग न आल्यामुळें किती गांवांच्या भिंतींवरचीं चित्रें पुढच्या चुनकळींत नाहींशीं झालीं असतील! नमुन्यांची वही म्हणजे दुसरें कांहीं नाहीं. ती बरोबर नेतां येणारी भिंत आहे. योगाची वाट न पाहतां आपलें काम पाहणाराच्या दारीं नेणें, एवढाच तिचा उपयोग, आणि गरिबाच्या मुलाला तो सर्वांत अधिक.

परंतु ज्याच्यापाशीं दाखवावयास चित्र नाहीं, यंत्र नाहीं, त्यानें काय करावें? त्याच्यासाठीं मी तिसरा दाखला देतों. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं पुण्यांत झाला. १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्या अमेरिकेस गेल्या, आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनीं एक पत्र लिहिलें. पदवी नाहीं, प्रवेशास पुरेशी पूर्वतयारी नाहीं, परदेश, परकी भाषा! त्या पत्रांत त्यांनीं आपली उणीव झांकली नाहीं. आपण काय शिकलों आहोंत तें सांगितलें, काय शिकलों नाहीं तेंही सांगितलें; पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षां दुखणें सोसणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठीं आपण हें शिकूं इच्छितों, हा हेतु मांडला; आणि स्वजनांचा विरोध सोसून ज्या निश्चयानें आपण येथवर आलों, तोच पुढें आपल्याला तारील, असें लिहिलें. समुद्र ओलांडून येणें हेंच त्यांचें केलेलें काम होतें, आणि तेंच त्यांनीं पुराव्यादाखल पुढें ठेवलें. त्यांना प्रवेश मिळाला. १८८६ च्या मार्चांत त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षीं, १८८७ सालीं, पुण्यांत त्यांचा अंत झाला. ज्यांना वाटतें कीं आपल्या फाईलींत कांहींच नाहीं, त्यांनीं हें पत्र आठवावें. खरी गोष्ट नीट सांगितली, तर तीही नमुना होते.

येथें कोणी श्रोता विचारील कीं, मास्तर, हें सर्व ठीक. पण पूर्वींची उमेदवारी म्हणजे फुकटची चाकरी होती, आणि आतां या वह्यांच्या निमित्तानें तुम्ही मुलांना पुनः फुकट राबावयास सांगतां कीं काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देणें बरें नव्हे. बिनपगारी उमेदवारी करावयाची, तर घरीं दोन वेळांची भाकरी हवी. ज्याच्या घरीं ती होती, तो तीन वर्षें वाट पाहूं शकला. ज्याच्या घरीं नव्हती, त्याचें अक्षर कितीही चांगलें असलें, तरी त्याला शेतावर परत जावें लागलें. म्हणून उमेदवारीच्या इतिहासांत १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा मी फार महत्त्वाचा समजतों. शिकतां शिकतां काम करणाराला विद्यावेतन दिलें पाहिजे, ही गोष्ट त्यानें मालकाच्या मर्जीवर ठेवली नाहीं. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें युवकांसाठीं कार्यप्रशिक्षणाची योजना जाहीर केली. तींत बारावी झालेल्यास महिना ६,००० रुपये, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका घेतलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविलें होतें. रक्कम थोडी कीं पुष्कळ, याविषयीं मतभेद असोत. उमेदवाराच्या पोटाचा विचार झाला, हें योग्यच झालें.

आणि याच कारणास्तव माझें असें सांगणें आहे कीं, वहींत घालावयाचें काम हें कोणत्या तरी नामांकित ठिकाणीं केलेलेंच असलें पाहिजे, असें नाहीं. ज्या मुलीनें बापाच्या किराणा दुकानाची उधारीची वही तीन वर्षें चोख ठेवली, तिनें हिशेबाचें काम केलें आहे. ज्यानें गांवच्या जत्रेंत पांचशें माणसांच्या पंगतीचा शिधा मोजून आणला, त्यानें व्यवस्थेचें काम केलें आहे. घरचें काम तें काम नव्हे, असें आपण वडील माणसांनींच मुलांच्या मनावर बिंबविलें आहे. आणि मग त्यांच्या अर्जांतली जागा कोरी पाहून आपणच हळहळतों.

आतां माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाची हकीकत पुरी करतों. दाखला लिहून मी त्याच्या हातीं देणार, इतक्यांत त्यानें आईला निरोप धाडण्यासाठीं भ्रमणध्वनि काढला, आणि त्याच्या पडद्यावर मला एका यंत्राचें चित्र दिसलें. तें पायानें फिरवावयाचें भातमळणीचें यंत्र होतें. तें त्याच्या घरचें. त्याचा कणा झिजून तें दोन वर्षें पडवींत पडलें होतें. यानें जुन्या मोटारसायकलचें बेअरिंग बसवून तें चालू केलें होतें, आणि तीन हंगाम शेजारची चार घरें त्यावर भात काढीत होतीं. मीं विचारलें, “अरे, हें फाईलींत कां नाहीं?” तो म्हणाला, “त्याचें प्रमाणपत्र कुठें आहे, गुरुजी?”

श्रोतेहो, हें वाक्य ऐकून मला माझे ते सर्व दाखले एकदम आठवले. हें उत्तर त्याला आम्हींच शिकविलें होतें.

मग आम्ही दोघे चार दिवस बसलों. मला यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं. पण पाठटाचण कसें लिहावें हें कळतें. पहिल्या पानावर यंत्र मोडलें होतें तेव्हांची स्थिति, आपल्या शब्दांत. दुसऱ्यावर त्यानें मोजमापासह काढलेली आकृति. तिसऱ्यावर पहिला प्रयत्न, जो फसला होता. कणा सरळ रेषेंत न बसल्यामुळें यंत्र थरथरलें आणि एक लांकडी पट्टी फुटली. हें पान वगळावें असें त्याचें मत होतें. मीं तें वगळूं दिलें नाहीं. चौथ्यावर दुरुस्ती आणि तिला लागलेला खर्च, पै-पैसा. पांचव्यावर यंत्र वापरणाऱ्या शेजारच्या बाईंनीं सांगितलेल्या दोन ओळी, त्यांच्याच बोलींत. आणि वेल्डिंग मात्र भोरच्या एका कारागिराकडून करवून घेतलें होतें, तेंही स्पष्ट लिहिलें. कारण दुसऱ्याचें काम आपलें म्हणून दाखविणाराची सगळीच वही खोटी ठरते. याच रीतीनें आणखी दोन कामें घेतलीं, आणि थांबलों. सर्वांत चांगलीं तीन कामें पाहणाराला आठवतात. तीस दाखविलीं, तर एकही आठवत नाहीं. अकरा प्रमाणपत्रांपैकीं तीन ठेवलीं. रक्तदानाचें पुण्य त्याच्या खातीं जमा आहेच. तें अर्जाला जोडण्याची जरुरी नव्हती.

त्याला ती उमेदवारी मिळाली. वहीमुळेंच मिळाली, असा दावा मी करीत नाहीं. पण मुलाखतींत काय विचारलें, असें मीं पुसलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “गुरुजी, त्यांनीं बराच वेळ तिसऱ्या पानावरच घालविला. पट्टी कां फुटली, हेंच विचारीत होते.” पन्नास वर्षांपूर्वींचे ते वृद्ध मुख्याध्यापक मला त्या क्षणीं दिसले. जो खरोखर काम जाणतो, तो नेहमीं समासांतली ओळ वाचतो.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं यंदा कोणी ना कोणी अर्ज लिहीत असेल. त्याच्या खोलींत एकदां डोकावा, आणि किती टक्के पडले हें विचारण्याऐवजीं, तूं आजवर काय काय केलेंस, असें विचारा. पहिल्यानें तो ‘कांहींच नाहीं’ असें म्हणेल. त्यावर विश्वास ठेवूं नका, बसून राहा. अर्ध्या तासांत मोडलेलें एखादें यंत्र, एखादी उधारीची वही, विहिरीच्या पाण्याच्या मोजणीची एखादी भिंत निघेलच. तिची नोंद त्याच्याकडून आजच करवून घ्या.

उद्यां पहाटे मी नेहमींप्रमाणें स्वारगेटवर जाईन. फाईल छातीशीं धरलेलीं मुलें गाडींतून उतरतील. त्यांच्या फाईलींत एक तरी पान असें असावें कीं, जें त्यांच्या स्वतःच्या हातांनीं केलेल्या कामाचें आहे, इतकीच माझी इच्छा आहे. आणि तें पान लिहावयास एखाद्या गुरुजींची मदत हवी असेल, तर गांवोगांवीं आमच्यासारखे निवृत्त पुष्कळ आहेत. आम्हांला सध्यां दुसरें काम नाहीं.